अर्धी ओळ उशिरा

राजापेठ, अमरावती
९ जानेवारी १९६४

श्री. शेषराव यांस,

तुमची-माझी ओळख नाही आणि करून घेण्याची मला हौसही नाही. तुमचं नाव मी रेकॉर्डच्या लेबलवर वाचलं: 'शेषराव आणि पार्टी, अकोला'. पत्ता रेकॉर्डवाल्याकडून मिळाला.

माझ्या घरासमोर चहाचं हॉटेल आहे. तुमच्या दोन रेकॉर्डींची चार गाणी तिथे दिवाळीपासून वाजताहेत. त्यांतलं 'भोंगा' दिवसातून किमान दहा वेळा. मी हॉटेलवाल्याला म्हटलं, "अरे, रेकॉर्ड झिजत कशी नाही?" तो म्हणाला, "झिजते ना बाई. हे तिसरी हाये." पाच वर्षांपूर्वीची रेकॉर्ड माणसं तिसऱ्यांदा विकत घेतात आणि शाळेला नकाशे घ्यायचे म्हटलं की कुणाच्या खिशाला हात जात नाही.

माझ्या तक्रारी पुढीलप्रमाणे. तुमची ती गिटार रेल्वेने करकचून ब्रेक दाबावा तशी ओरडते. गाणारी बाई गात नाही, नदीपलीकडच्या माणसाला हाक मारते. मी दोन्ही सहन केलं असतं. पण मध्येच क्लॅरिनेटवर जी चाल वाजते, ती आमच्या कन्याशाळेची प्रार्थना आहे! नागपूरच्या कॉन्व्हेंटमध्ये सिस्टरांनी ती मला शिकवली, मी तिच्यावर मराठी शब्द बसवले, आणि १९३८ पासून ती आमच्या सभागृहात म्हटली जाते. ती कापसाच्या जिनिंगच्या भोंग्याच्या गाण्यात घालायला तुम्हांला कुणाची परवानगी होती? बरं, चोरलीत तर नीट तरी चोरायची. क्लॅरिनेट अर्धी ओळ उशिरा येते. ताल कळत नसेल तर वाजवू नये.

शेवटची गोष्ट. गाणं संपल्यावर रेकॉर्ड बारा-पंधरा सेकंद नुसतीच फिरते. त्या रिकाम्या जागेत हॉटेलातली माणसं आपापली नावं ओरडतात. माझ्याकडे भांडी घासणारी जाईबाई हातातली राख तशीच ठेवून अंगणात जाते आणि "जाईबाई!" अशी आरोळी देते. मी विचारलं, "हा काय प्रकार?" म्हणाली, "तिथं आपलं नाव घ्या लागते बाई. तुमी बी घ्या." मी तिला घरात बोलावलं आणि खिडकी लावून घेतली. गाणं खिडकीतून यायचं थांबलं नाही.

खुलासा पाठवावा.

चारुशीला हरकरे
निवृत्त मुख्याध्यापिका


अकोला
२० जानेवारी १९६४

आदरणीय हरकरेबाई,

सप्रेम जयभीम. तुमचं पत्र वाचलं. पार्टीतल्या सगळ्यायले वाचून दाखवलं. आमचा देवमन गिटार वाजवते, लोकोशेडात फिटर हाये. तो म्हने, "रेल्वेचा ब्रेक म्हनलं त्यायनं? मंग तर बाईले कान हायेत." गिटार त्यानं एका गोऱ्या ड्रायव्हरच्या घरून घेतली, तो इंग्लंडले जात होता तवा. तारेवर तो जिनातल्या मशिनीचा लोखंडी तुकडा घासते. म्हनून तसा आवाज.

आमी पयले लग्नातच वाजवत होतो. छप्पनच्या दीक्षेनंतर पार्टीतल्या पोरायनं म्हनलं, आता मिरवणुकीमागं चालायचं नाई, आपलं गानं करू. कोनाच्या देवाचं नाई, सिनेमातलं नाई, आपल्या पायातलं. अठ्ठावन साली रेकॉर्ड कराले मुंबईले गेलो.

आता त्या रिकाम्या जागेचं. माझ्या बापाजवळ जुन्या रेकॉर्डी होत्या. त्यात गानारीन शेवटी आपलं नाव सांगे. मुंबईत आमी घाबरून गानं लवकर संपवलं, अन् कंपनीच्या साहेबानं काचेपलीकडून बोट दाखवलं, अजून वेळ हाये. मी गानारीले खुनावलं, नाव घे. तिनं तोंड उघडलं. मिटलं. दुसऱ्यांदा करायले वेळ नोता, तशीच छापली. मले वाटलं, वाया गेलं.

मंग मूर्तिजापूरले एका लग्नात हेच लावलं होतं. बायकायनं नवरीले म्हनलं, नाव घे. म्हनजे नवऱ्याचं. तवाच गानं संपलं अन् ते पोरगी आपलंच नाव बोलली, जोऱ्यानं. मांडव हासला. तवापासून लोक घेऊन राहिले. वरूडले संत्री भरनाऱ्या बाया तर ओळीनं घेतात.

चाल चोरली नाई. गानारीनंच सांगतली. ते तुमच्याच शाळेतली हाये. नाव सांगू नका म्हनते, म्हनून सांगत नाई. क्लॅरिनेट मी वाजवतो. मी म्हनलं, "पोरी, हे तर उशिरा येते." तर म्हने, "तसंच हाये ते. तसंच वाजवा मामा."

तुमचा नम्र
शेषराव


राजापेठ, अमरावती
२ फेब्रुवारी १९६४

श्री. शेषराव यांस,

गाणारी आमच्या शाळेची आहे हे वाचून अर्ध्या गोष्टींचा उलगडा झाला. मी काल मुद्दाम हॉटेलात जाऊन बसले. (बाकावरच्या चौघांनी उठून मला जागा दिली आणि मग गाणं संपेपर्यंत कुणी चहाचा घोट घेतला नाही, जणू इन्स्पेक्शन आहे.) हाक मारल्यासारखी गाते असं मी लिहिलं होतं. ते खरंच आहे, पण हाक सुरात आहे. श्वास कुठे घ्यायचा ते तिला ठाऊक आहे. हे आपोआप येत नाही. मी एकोणीस वर्षं रोज सकाळी पायपेटीवर बसून मुलींचे आवाज घडवले, त्याचं हे फळ. ती चाल तिने घातली असेल तर आता माझी हरकत नाही. विद्यार्थिनीने शाळेची आठवण ठेवली असं मी मानते.

तिने नाव लपवू नये. लेबलवर 'आणि पार्टी' म्हणजे काय? ढोल वाजवणारे आणि गाणारी एकाच पिशवीत? माझ्या मते ती १९५२ च्या तुकडीतली कुणी असावी. त्या वर्षीचे आवाज उत्तम होते. नाव कळवा. मी स्वतः तिला चार शब्द लिहीन.

मात्र तालाचं माझं म्हणणं कायम आहे.

चारुशीला हरकरे


अकोला
१५ फेब्रुवारी १९६४

आदरणीय बाई,

जयभीम. तुमचं पत्र तिले दाखवलं. वाचून म्हने, "आता सांगा मामा. बाईंना फळ कोणतं ते कळू द्या."

ते सुभद्रा हाये. माझ्या बहिनीची, मैनाबाईची पोरगी. बहीन तवा अमरावतीले कामाले होती. एकोणपन्नास साली सुभद्रा तुमच्या शाळेत सातवीत होती अन् पुढं उभी राहून प्रार्थना सांगत होती. एक दिवस तुमी तिनशे पोरींसमोर म्हनलं, "सुभद्रा, तुझा आवाज ओळीत बसत नाही. तू व्हरांड्यात उभी राहा." चार वर्स ते प्रार्थनेच्या वेळी व्हरांड्यात उभी होती.

आता ते इथं टेलिफोनात ऑपरेटर हाये. मी म्हनतो, आवाज चांगला नसता तर सरकारनं कशाले ठेवलं असतं? ते म्हनते, तारेतून आवाज जातो मामा, सूर जात नाही. मुंबईले गेली तेच आमी लई हात जोडले म्हनून. वाईट आवाजाले नाव कशाले पाहिजे, म्हने.

तुमी चार शब्द लिहिनार होत्या. लिहा.

शेषराव


अकोला
२२ ऑगस्ट १९६६

आदरणीय बाई,

जयभीम. अडीच वर्स झाले, तुमचं पत्र नाई. तब्येत बरी असन. लिहाची इच्छा नोती, पन काम पडलं.

रेकॉर्ड कंपनीनं कळवलं की आमच्या चारी गान्यायची एक लहान नव्या पद्धतीची रेकॉर्ड काढाची हाये. जुना साचा खराब झाला, म्हनून पुन्हा गा लागन. दोन अटी टाकल्या. शेवटची रिकामी जागा काढून टाकू, तो दोष हाये. अन् गानारीन नाव द्यायले तयार नसन तर कंपनी मुंबईची एक पोरगी देईन, तिचं नाव छापीन. दिवाळीनंतर तारीख हाये.

सुभद्रा म्हनते, "घ्या तिला. गोड गाईल." मी म्हनलं, "अवं, लोक सात वर्सं तुह्या आवाजावर उभे हायेत." तर म्हने, "लोक नावं घ्यायला उभे राहतात मामा, ऐकायला नाही."

देवमन म्हने, ते नसन तर मी गिटार घरी ठेवतो. म्हनजे रेकॉर्डच नाई. अन् निघालीच तर बाई, ते दुसऱ्याच पोरीच्या नावानं जन्मभर वाजन. तिचं नाव कधीच येनार नाई.

मी सांगून पाह्यलं, तिच्या मायनं सांगतलं. ते एकाचंच ऐकन. ज्यायनं आवाज वाईट म्हनला त्यायचं. तुमी दोन ओळी लिहा.

शेषराव


राजापेठ, अमरावती
३० ऑगस्ट १९६६

श्री. शेषराव यांस,

तब्येत ठीक आहे. मधल्या काळात लिहिणं झालं नाही, घरी रंगकाम होतं.

सोबत सुभद्रासाठी चिठ्ठी आहे, शाळेच्या जुन्या कागदावर. त्यात मी लिहिलं आहे की तिच्या आवाजात लहानपणी जे दोष होते ते मेहनतीने दूर झाले असून आता तो गाण्यास योग्य आहे, तिने निःसंकोच नाव द्यावं. एवढ्याने काम व्हावं. रिकाम्या जागेबद्दल कंपनीचं म्हणणं मला योग्य वाटत नाही. त्यांना कळवा की एका निवृत्त मुख्याध्यापिकेचा विरोध आहे.

चारुशीला हरकरे


अकोला
७ सप्टेंबर १९६६

बाई,

चिठ्ठी परत पाठवून राहिलो. तिनं वाचली, घडी घातली अन् म्हने, "सुधारला म्हणे." बस. जेवली अन् ड्युटीवर गेली.

अडीच वर्स रंगकाम चालते काय बाई? तुमचं घर हाये का राजवाडा?

मले तवाही एक समजलं नोतं, आताही नाई. ज्या पोरीले तुमी स्वतः प्रार्थना सांगायले उभं केलं, तिचा आवाज एका रात्रीत कसा बिघडला? काहून?

शेषराव


राजापेठ, अमरावती
१८ सप्टेंबर १९६६

चि. सुभद्रा,

तुझ्या मामांनी एक प्रश्न विचारला आहे. त्याचं उत्तर त्यांना नव्हे, तुला द्यायचं आहे. गेले आठ-नऊ दिवस मी घरात नुसती फेऱ्या मारते आहे. जाईबाई म्हणाली, "बसा ना वं बाई, फरशी झिजन."

तुझा आवाज बिघडला नव्हता. शाळेत तसा आवाज माझ्या एकोणीस वर्षांत दुसरा नव्हता. म्हणून तर तुला पुढे उभं केलं होतं.

तुला व्हरांड्यात पाठवलं त्याच्या आदल्या दिवशी मोरोपंत वकील आले होते. शाळा कमिटीचे सभासद. तू प्रार्थना सांगत होतीस, ते दारात उभे राहून ऐकत होते. नंतर माझ्या खोलीत येऊन म्हणाले, "बाई, प्रार्थना सांगायला दुसऱ्या कुणाची मुलगी मिळाली नाही का?" आवाज चढवला नाही, चहा घेतला, पावसाचं विचारलं. 'कुणाची' म्हणजे काय ते मला कळलं आणि मला कळलं हे त्यांना कळलं. मी साहेबांना इंग्रजीत सुनावणारी बाई, इन्स्पेक्टरांची पत्रं चुका लाल करून परत पाठवणारी. त्या दिवशी मी म्हणाले, "बघते."

दुसऱ्या दिवशी तुला आवाजाचं कारण सांगितलं. मी स्वतःला समजावलं की खरं कारण मुलीला लागेल, खोटं त्यातल्या त्यात दयाळू आहे. ते दयाळू नव्हतं, सोयीचं होतं. खरं सांगितलं असतं तर तू माझ्यावर चिडली असतीस. खोटं सांगितलं म्हणून तू सतरा वर्षं स्वतःवर चिडलीस आणि मी पेन्शन घेत निवांत राहिले.

रंगकाम नव्हतं. या अडीच वर्षांत चारदा मी तारऑफिसात जाऊन अकोल्याचा ट्रंककॉल लावला. जोडून देताना ऑपरेटरचं बोलणं मध्येच ऐकू येतं. एकदा एक आवाज आला, "अकोला. बोला अमरावती." तो तुझा होता का, ठाऊक नाही. मी रिसीव्हर ठेवला. तारबाबूने विचारलं, "लागला नाही का?" मी त्याच्यावरच खेकसले.

परत आलेली चिठ्ठी मी फाडून टाकली. 'दोष दूर झाले' हे मी लिहिलं तेव्हाही खोटं होतं. रेकॉर्डवर तुझं नाव असो वा नसो, हे तुला माहीत असलं पाहिजे.

क्षमा मागते.

चारुशीला हरकरे


अकोला
५ ऑक्टोबर १९६६

हरकरेबाईंस,

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. एकदा ड्युटीवर, दोन कॉलांच्या मध्ये. आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "मले तवाच माहीत होतं." मी विचारलं, "मग सांगितलं का नाहीस?" म्हणाली, "शाळा सोडली असती तू." 

तो आवाज माझा होता की नाही, मलाही ठाऊक नाही. इथे ऑपरेटर आम्ही चौघी आहोत.

मी मुंबईला जाते आहे. माझं नाव मी स्वतः कंपनीला लिहून दिलं, आधी गाणारीचं आणि मग पार्टीचं. यात तुमचं काही श्रेय नाही. तुमचं पत्र वाचून मला एवढंच दिसलं की ज्या वाक्यावर मी उभी होते ते वाक्यच खरं नव्हतं. रिकामी जागाही राहणार आहे. कंपनीला मी कळवलं की ती काढली तर मी येत नाही. तेव्हा मी गप्प राहिले कारण मला नाव घ्यायची लाज वाटली. आता गप्प राहीन कारण ती जागा माझी राहिलेली नाही. तिथे वरूडच्या बाया नावं घेतात.

क्षमेबद्दल. तुमचं पत्र चिकटवलेल्या पाकिटात आलं. ते वाक्य मात्र तुम्ही सभागृहात बोलला होता, तीनशे मुलींसमोर, सकाळच्या प्रार्थनेला. मोरोपंतांचं नाव घेऊन आणि तुमचं नाव घेऊन तुम्ही हे तिथेच सांगा. मी येणार नाही. मला ते बघायचं नाही, झालेलं हवं आहे.

सुभद्रा


राजापेठ, अमरावती
२९ नोव्हेंबर १९६६

चि. सुभद्रा,

काल सकाळी झालं.

आधी दोनदा परतले हेही लिहिते. दिवाळीआधी एकदा शाळेच्या फाटकापर्यंत गेले आणि पोस्टात काम आहे असं स्वतःलाच सांगून वळले. दुसऱ्यांदा हल्लीच्या मुख्याध्यापिका दुर्गाबाईंच्या खोलीपर्यंत पोचले. माझ्याच हाताखाली शिकलेल्या. त्या म्हणाल्या, "बाई, मोरोपंत आता अध्यक्ष आहेत. जुनं कशाला उकरायचं? मुलींना काय कळतंय?" मी "बघते" म्हणाले. घरी येताना माझ्या लक्षात आलं की मी कोणता शब्द बोलले.

म्हणून काल विचारायला गेलेच नाही. प्रार्थनेच्या घंटेला सरळ सभागृहात जाऊन मंचावर चढले. दुर्गाबाई अर्ध्या उठल्या आणि बसल्या. मी तुझं नाव सांगितलं, तुझ्या आईचं सांगितलं, मोरोपंतांचं सांगितलं, माझं सांगितलं. मी काय बोलले होते आणि खरं काय होतं, दोन्ही. पाच मिनिटंही लागली नाहीत. सतरा वर्षं पुरलेली गोष्ट पाच मिनिटांची निघाली.

 मग मागच्या ओळीतली एक मुलगी उभी राहिली आणि म्हणाली, "'भोंगा'वाल्या का?" मी हो म्हटलं. तिने विचारलं, "मग तुम्ही त्यांना परत आत बोलावलं का?"

मी म्हणाले, "नाही."

ती खाली बसली.  दुर्गाबाईंनी घाईने प्रार्थनेची खूण केली. मी मंचावरून उतरले आणि बाहेर व्हरांड्यात जाऊन खांबाजवळ उभी राहिले, जिथे तू उभी असायचीस. शिपाई खुशालराव खुर्ची घेऊन आला. म्हटलं, "नको." त्याने नेहमीप्रमाणे सभागृहाचं दार लोटून घेतलं.

आणि मला काही ऐकू येईना. सांगणारी मुलगी प्रत्येक ओळीचा पहिला तुकडा एकटीच म्हणते, तो लोटलेल्या दाराबाहेर पोचतच नाही. मग बाकीच्या मुली उचलतात तेव्हा कुठे चाल हाती लागते. मी तिथे उभ्या उभ्या म्हणू लागले आणि प्रत्येक ओळीत तशीच उशिरा शिरले. तीस वर्षांत मी ही प्रार्थना फक्त आतून ऐकली होती.

तुझ्या नव्या रेकॉर्डची वाट पाहते आहे. समोरच्या हॉटेलवाल्याने आधीच सांगून ठेवली आहे. जाईबाई विचारत होती, आता तरी त्या जागेत मी नाव घेणार का. मी नाही म्हणाले. काल घेतलं तेवढं पुरे आहे.

मामांना एक निरोप दे. ९ जानेवारी १९६४ च्या पत्रातली क्लॅरिनेटबद्दलची माझी तक्रार मी मागे घेते. ती अर्धी ओळ उशिरा येते, आणि तशीच यायला हवी. मुंबईत कुणी ती दुरुस्त करायला सांगितलं असेल, तर त्या माणसाचा पत्ता मला कळवा.

चारुशीला हरकरे